सातपुड्यात फिरायचंय? मुक्काम बऱ्हाणपुरात करावा की डोंगरावर?

दिवाळीची सुट्टी, हिवाळ्यातला जोडून आलेला शनिवार-रविवार किंवा पावसाळा संपता संपताचे दिवस आले की जळगाव, बुलढाणा, अकोला, अमरावती आणि इकडे खंडवा-खरगोनकडच्या घरांत एकच विषय निघतो. गाडी काढायची आणि सातपुडा फिरायचा. कुठं जायचं हे पटकन ठरतं, पण राहायचं कुठं यावर गाडी अडते. कुणी म्हणतं थेट चिखलदरा, कुणी म्हणतं धारणी, तर कुणाला बऱ्हाणपुरात स्वस्त रूम घेऊन रोज इकडेतिकडे जाऊन यायचं असतं.

यातलं बरोबर कोणतं, हे तुम्हाला काय बघायचंय आणि कोणत्या महिन्यात निघताय यावर ठरतं. बऱ्हाणपूर हा मुक्काम कुणाला परवडतो, कुणाला नाही आणि तिथं रूम घेताना काय तपासायचं, ते पुढे देत आहोत.

मुक्कामाचं गाव आणि बघायचं गाव

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू. जे गाव बघायचं तिथंच राहायला पाहिजे असं काही नाही. मुक्कामाच्या गावात चार गोष्टी लागतात: रात्री उशिरा मिळेल असं जेवण, पंक्चर आणि किरकोळ दुरुस्ती करणारा माणूस, पेट्रोल पंप आणि दवाखाना. डोंगरावरच्या छोट्या गावात यातल्या एक-दोन गोष्टी नसतात, आणि ज्या असतात त्या लवकर बंद होतात.

बऱ्हाणपूर हे जिल्ह्याचं ठिकाण आहे. १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडवा म्हणजे पूर्व निमाड जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. पॉवरलूम आणि केळीचा धंदा असल्यामुळे ट्रक, टेम्पो, गॅरेज, टायरवाले यांची कमी नाही. शहर तापीच्या उत्तर काठावर वसलंय. उत्तरेला असीरगडाचे डोंगर आणि पूर्व-आग्नेयेला मेळघाटाकडे जाणारी गाविलगडची रांग. म्हणजे सपाटीवर राहून दोन दिशांचा डोंगर गाठता येतो. नर्मदेचं खोरं आणि तापीचं खोरं यांच्यामधली वाट इथूनच जाते, म्हणून तर असीरगडाला दख्खनचा दरवाजा म्हणायचे. फारुकी सुलतान, मुघल, शिंदे आणि इंग्रज या सगळ्यांनी ही वाट आपल्या ताब्यात ठेवायची धडपड केली.

किलोमीटर नको, तास मोजा

बजेट ट्रिपमध्ये माणसं इथंच फसतात. मोबाईलवर अंतर दिसतं दीडशे किलोमीटर, मनात हिशोब होतो तीन तासांचा. पण घाट, गावातले गतिरोधक, उसाची-केळीची वाहनं आणि रस्त्याचं काम धरलं तर तेवढ्याला चार-साडेचार तास सहज जातात.

सोपा नियम असा: मुक्कामापासून एका बाजूला अडीच तासांपेक्षा जास्त लागत असेल, तर ते ठिकाण त्या मुक्कामावरून जाऊन-येऊन करू नका. अडीच तास जाणं, अडीच तास येणं, तिथं चार तास फिरणं, वर चहा-जेवण. सकाळी सातला निघालात तर संध्याकाळी पाच-साडेपाचला परत. हिवाळ्यात सहाच्या सुमारास अंधार पडतो, आणि घाट अंधाराच्या आत उतरलेला बरा.

हा नियम लावून बऱ्हाणपूरहून काय बसतं ते बघू. अंतरं अंदाजे आहेत.

असीरगड: खंडवा रस्त्यावर सुमारे २० ते २२ किलोमीटर. पाऊण तासाच्या आत. सकाळी लवकर गेलात तर दुपारच्या जेवणाला शहरात परत येता. अकबराने मोठ्या वेढ्यानंतर १६०१ मध्ये हा किल्ला घेतला. १८०३ मध्ये आणि पुन्हा १८१९ मध्ये इंग्रजांनी तो घेतला. गडावर मशीद आहे आणि अश्वत्थाम्याच्या कथेशी जोडलेलं महादेवाचं मंदिरही. पाणी सोबत न्या, गडावर ऊन चांगलंच लागतं.

पाल: रावेर तालुक्यातलं सातपुड्याच्या कुशीतलं गाव, यावल अभयारण्याच्या परिसरात. बऱ्हाणपूर-रावेर-पाल असं साधारण ५५ किलोमीटर. दीड-पावणेदोन तास. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं सोबत असतील तर सगळ्यात सुटसुटीत दिवस हाच.

शहर आणि आसपास: एक पूर्ण दिवस ठेवा. १६१५ मध्ये अब्दुल रहीम खानखानाच्या काळात बांधलेला कुंडी भंडारा म्हणजे डोंगराचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणायची व्यवस्था. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचं नाव आलं. खाली उतरायची लिफ्ट चालू आहे का, ते आधी विचारून घ्या. मुमताजमहल १६३१ मध्ये याच शहरात वारली आणि तिचं पहिलं दफन नदीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात झालं. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. शाही किल्ला, बडी संगत गुरुद्वारा, दरगाह-ए-हकीमी हे सगळं शहराच्या टापूत येतं.

ओंकारेश्वर: खंडव्यावरून साधारण १४० किलोमीटर. तीन तासांच्या वर. इंदूर-इच्छापूर रस्त्यावर चौपदरीकरणाचं काम जिथे चालू असेल तिथे आणखी वेळ. नियमात बसत नाही. श्रावणात आणि शिवरात्रीला तर अजिबातच नाही. तिकडे एक रात्र वेगळी काढा.

चिखलदरा: बऱ्हाणपूर-देडतलाई-धारणी-हरिसाल-सेमाडोह असं दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि धारणीपुढचा बराचसा रस्ता जंगलातला व घाटाचा. एका बाजूला चार तास धरून चाला. बऱ्हाणपुरात राहून चिखलदरा एका दिवसात करणं म्हणजे नुसती ड्रायव्हरची परीक्षा.

मग चिखलदरावाल्यांनी काय करायचं?

तुमचा मुख्य बेत चिखलदरा, गाविलगड आणि मेळघाट असेल तर बऱ्हाणपुरात राहू नका. तिथंच राहा. चिखलदऱ्याची उंची सुमारे ११०० मीटर, बऱ्हाणपूर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरवर. तेवढ्या उंचीला तापमानात पाच-सहा अंशांचा फरक पडतो. एप्रिल-मे-जूनमध्ये बऱ्हाणपुरात पारा चाळीसच्या वर असतो आणि रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. स्वस्त रूममध्ये नुसत्या पंख्यावर झोप लागत नाही, आणि एसी घेतला की स्वस्ताईचा मुद्दा संपला. उन्हाळ्यात डोंगरावरचीच रूम घ्या, थोडी महाग पडली तरी.

मधला मार्ग धारणीचा. तालुक्याचं गाव आहे, जेवणाची-पेट्रोलची सोय होते, पण लॉज मोजकेच. सेमाडोह आणि कोलकासला वनविभागाची निवासव्यवस्था आहे. तिथं आधी बुकिंग केल्याशिवाय जाऊ नका. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातल्या काही रस्त्यांवर रात्री गाड्या सोडत नाहीत. नाक्यावरच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या, नाहीतर परत फिरून धारणी गाठावी लागेल.

थोडक्यात, ऑक्टोबर ते फेब्रुवारी आणि बेत असीरगड-पाल-शहर असा असेल तर बऱ्हाणपूर. उन्हाळा किंवा मेळघाट असेल तर डोंगरावर. दोन्ही करायचं असेल तर दोन मुक्काम.

स्वस्त रूम कधी महाग पडते

बऱ्हाणपूर स्टेशन लालबागला आहे, जुन्या शहरापासून तीनेक किलोमीटरवर. रेल्वेने येणाऱ्याला स्टेशनजवळचा लॉज सोयीचा. गाडी घेऊन येणाऱ्याला मात्र तसं नाही. जुन्या शहरात गल्ल्या अरुंद आहेत. रूम स्वस्त मिळते, पण गाडी कुठंतरी लांब रस्त्यावर उभी राहते. रात्रभर तिची काळजी आणि सकाळी सामान उचलून चालणं. चारचाकीवाल्यांनी खंडवा, इच्छापूर किंवा रावेर रस्त्याच्या बाजूचा, आत पार्किंग असलेला लॉज बघावा. म्हणजे सकाळी शहराची गर्दी न लागता थेट बाहेर पडता येतं.

शहराबाहेर लांब कुठंतरी दोनशे रुपये कमी म्हणून रूम घेण्याआधी हिशोब करा. रोज १५ किलोमीटर जास्त जाणं आणि १५ येणं म्हणजे तीन दिवसांत ९० किलोमीटर. गाडी लिटरला १५ देत असेल तर सहा लिटर तेल. लिटर शंभर रुपये धरलं तरी सहाशे रुपये गेले. तीन रात्रींत वाचले तेही सहाशेच. हाती काय राहिलं? जेवायला गावात यायची कटकट.

फोनवर रूम ठरवताना एवढं विचारा:

– गाडी आवारात लागेल का, आणि सकाळी सहाला फाटक उघडतील का?

– चेक-आऊट चोवीस तासांचं की दुपारी बाराचं? रात्री नऊला पोहोचणाऱ्याला यानं मोठा फरक पडतो.

– गरम पाणी नळाला येतं की बादलीनं, आणि किती वाजेपर्यंत?

– जास्तीच्या गादीचे वेगळे पैसे का? एका रूममध्ये चौघं चालतील का?

– कुटुंबाला रूम देतात का, आणि ओळखपत्र प्रत्येकाचं लागेल का? मूळ आधार कार्ड किंवा लायसन्स सोबत ठेवा. मोबाईलमधला फोटो सगळीकडे चालत नाही.

आणि पोहोचल्यावर पैसे देण्याआधी रूम बघा. नळ सोडा, कडी लावून बघा, चादर उचलून बघा. लाजायचं कारण नाही, लॉजवाल्यालाही याची सवय असते. लग्नसराईत आणि नवरात्रात लॉज भरलेले असतात. इच्छापूरला देवीच्या यात्रेची गर्दी असते, तेव्हा आधी फोन केल्याशिवाय निघू नका.

सीमा ओलांडताना

खासगी, पांढऱ्या पाटीच्या गाडीला दुसऱ्या राज्यात फिरायला वेगळा परवाना लागत नाही. आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स एवढं चालू तारखेचं असलं की झालं. पिवळ्या पाटीची टॅक्सी किंवा ट्रॅव्हलर भाड्याने घेत असाल तर मात्र तिच्याकडे अखिल भारतीय पर्यटन परवाना किंवा मध्य प्रदेशचा परवाना-कर आहे का, हे ठरवतानाच विचारा. नाहीतर दंड कुणी भरायचा यावरून रस्त्यात वाद होतो. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि हे नुकसान लाखांत जातं.

पेट्रोल-डिझेलचा दर दोन्ही राज्यांत वेगळा असतो. निघायच्या दिवशी रावेर किंवा मुक्ताईनगरचा आणि बऱ्हाणपूरचा दर मोबाईलवर बघा, आणि स्वस्त असेल तिकडे टाकी फुल करा. मेळघाटाकडे जाणार असाल तर दर न बघता धारणीच्या आधी टाकी भरा. जंगलात मोबाईलची रेंज जाते, त्यामुळे नकाशा आधीच डाऊनलोड करा आणि थोडी रोकड खिशात ठेवा. संकटात दोन्ही राज्यांत ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

घाटात

उतारावर गाडी न्यूट्रल करून तेल वाचवायचा प्रयत्न बरेच जण करतात. करू नका. इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून धरेनासे होतात. ज्या गियरमध्ये चढलात साधारण त्याच गियरमध्ये उतरा. अरुंद घाटात समोरून गाडी आली तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. निघण्याआधी स्टेपनीत हवा आहे का आणि जॅक-पाना जागेवर आहे का ते बघा. बुलढाण्याकडून जळगाव जामोदमार्गे सातपुड्यातून येणाऱ्यांनी तो घाट दिवसाच करावा.

तीन रात्रींचा साधा बेत

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा, संध्याकाळी तापीचा घाट आणि शाही किल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी असीरगड, परतून जेवण, दुपारनंतर कुंडी भंडारा. तिसऱ्या दिवशी पाल, घरचा डबा सोबत घेऊन. चौथ्या दिवशी सकाळी जैनाबादचा आहुखाना बघून परतीचा रस्ता. रोजचं गाडी चालवणं तीन-साडेतीन तासांच्या वर जात नाही, घाट अंधारात लागत नाही आणि रूम एकदाच घ्यावी लागते. सकाळच्या पोह्यानंतर बऱ्हाणपूरची मावा जिलेबी आणि एका संध्याकाळी मांडे एवढं मात्र बजेटमधून कापू नका.