तीन आगींनंतरचा राजवाडा

इंदुरात प्रथमच पाऊल ठेवणारा प्रवासी खजुरी बाजाराच्या गर्दीतून वाट काढीत पुढे आला, म्हणजे त्याची दृष्टी एका उंच, सात मजली इमारतीवर खिळते. तिचे खालचे तीन मजले दगडी आहेत व वरचे चार लाकडी. मध्यभागी भव्य महिरप, तीत लोखंडी खिळ्यांनी मढविलेला प्रचंड दरवाजा आणि वर एकावर एक चढत गेलेले सज्जे व झरोके. हाच होळकरांचा राजवाडा. आज ताठ उभी दिसणारी ही वास्तू एकदा नव्हे, तीन वेळा आगीत सापडली आणि तिन्ही वेळा माणसांनी तिला पुन्हा उभी केली. एखाद्या घराण्याची बखर असावी तशी ही या घराची बखर आहे.

या वाड्याचा आरंभ १७४७ च्या सुमाराचा. माळव्यात मराठ्यांचा अंमल स्थिर करणारे सुभेदार मल्हारराव होळकर यांनी तो बांधावयास घेतला. मराठी वाड्याची चौकरचना त्यात होती आणि राजपूत व मोगल धाटणीचे झरोके व महिरपीही होत्या. १७६६ साली मल्हारराव निवर्तले. पुढे अहिल्याबाईंनी राजधानी नर्मदातीरी महेश्वरास नेली, तरी इंदूरचे महत्त्व कायम राहिले.

पहिला घाला आला तो १८०१ साली, आणि तोही परक्यांचा नव्हे, आपल्यांचाच. अहिल्याबाई व तुकोजीराव यांच्या पश्चात होळकर आणि शिंदे या दोन मातब्बर घराण्यांत वैर पेटले होते. यशवंतराव होळकरांनी उज्जैनीजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याचा सूड म्हणून त्याच वर्षी दौलतराव शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे इंदुरावर चालून आले. शहर लुटले गेले आणि राजवाडाही जाळपोळीतून सुटला नाही. ज्या दोन घराण्यांनी मिळून उत्तरेत मराठ्यांचा दरारा बसविला, त्यांनीच एकमेकांची घरे जाळावी, यासारखे दुर्दैव ते कोणते!

या जळक्या वाड्याकडे लक्ष द्यावयास राज्यकर्त्यांना बराच काळ सवड मिळाली नाही. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि बालवयातील दुसऱ्या मल्हाररावांसह दरबार इंदुरास आला. राज्याचा मोठा मुलूख गेला होता. अशा पडत्या काळात दिवाण तात्या जोग यांनी विस्कटलेल्या कारभाराची घडी बसविली आणि त्याच राजवटीत वाड्याची पुन्हा उभारणी झाली. हरलेल्या राज्याने प्रथम आपले घर नीट करावे, यात प्रजेला दिलासा देणारे काही होते. राजा पुन्हा नांदावयास आला, ही खूण बाजारातल्या वाण्याला आणि वेशीवरच्या पहारेकऱ्यालाही कळत होती.

दुसरी आग १८३४ सालची. तीत वरचा एक मजला जळाला. लाकडी मजल्यांच्या वाड्याला हा धोका जन्माचाच. भिंतीत रुतलेल्या तुळया मजल्याचा भार तर वाहतातच, शिवाय समोरासमोरच्या भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवतात. तुळई जळली की मजला कोसळतो आणि भिंत एकाकी पडते. पुढे छप्पर नसल्यामुळे पावसाचे पाणी भिंतीत मुरते आणि आगीतून वाचलेला भाग पाण्याने खचू लागतो. म्हणून जळालेल्या घरावर छप्पर चढविण्यास जितका विलंब होईल, तितकी हानी वाढत जाते.

पुण्याच्या शनिवारवाड्याची गोष्ट या संदर्भात आठवते. १८२८ च्या फेब्रुवारीत त्याला आग लागली, ती सात दिवस धुमसत होती. त्यावेळी पेशवाई बुडून दहा वर्षे झाली होती. ते घर पुन्हा बांधावे असे वाटणारा धनी तेथे उरला नव्हता. म्हणून आज तेथे तट, दरवाजे आणि जोती एवढेच पाहावयास मिळते. वाडा दगडाचा असो वा लाकडाचा, तो टिकतो तो त्याची काळजी वाहणाऱ्या माणसांमुळे.

तिसरी आग अनेकांच्या स्मरणात आहे. १९८४ च्या ३१ ऑक्टोबरला पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाली. त्यानंतर देशात अनेक ठिकाणी शीख बांधवांवर हल्ले झाले, त्यांची घरे व दुकाने जाळण्यात आली. इंदूरही त्यातून सुटले नाही. त्या दंगलीच्या वणव्यात राजवाड्याचा मागील भाग भस्मसात झाला. दर्शनी बाजू तेवढी वाचली. रस्त्यावरून पाहणाऱ्यास वाडा उभा दिसे, पण दरवाजातून आत गेल्यावर वाड्याच्या जागी उघडे आकाश भेटे.

ही स्थिती वीस वर्षांहून अधिक काळ राहिली. अखेर होळकर घराण्यातील उषादेवी होळकर यांच्या पुढाकाराने मागील भाग पुन्हा उभा राहिला आणि २००७ साली ते काम पुरे झाले. सिमेंट-काँक्रीटचा सोपा मार्ग न धरता वीट, दगड, लाकूड आणि चुना यांचाच आश्रय घेण्यात आला. कुलदैवत मल्हारी मार्तंडाचे मंदिरही पुन्हा सजले. चुन्याचे काम धीराचे असते. कळीचा चुना विझवावा, मुरू द्यावा, मळावा, आणि लावल्यावरही तो हवेतून सावकाश घट्ट होत जातो. परंतु तो भिंतीला श्वास घेऊ देतो. सिमेंटाच्या कोंडीत ओल अडकते आणि लाकडाची टोके कुजतात. जुन्या गवंड्यांचे हे शहाणपण आज सगळीकडे पटू लागले आहे. पॅरिसचे नोत्र दाम हे कॅथेड्रल २०१९ च्या एप्रिलात जळाले, तेव्हा त्याचे छप्परही ओक वृक्षाच्या लाकडातूनच, जुन्या सुतारकामाच्या रीतीने पुन्हा घडविण्यात आले आणि २०२४ च्या डिसेंबरात ते मंदिर भाविकांसाठी खुले झाले.

तथापि, इंदूरच्या तीन आगींपैकी दोन माणसांच्या वैरातून पेटल्या, हे विसरून चालणार नाही. १८०१ साली भाऊबंदकीने वाडा जाळला, १९८४ साली शेजाऱ्यावरील रोषाने. जळालेली तुळई बदलता येते, ढासळलेली भिंत चुन्याने सांधता येते. परंतु त्याच वणव्यात ज्या सामान्य कुटुंबांचे छप्पर गेले, ज्यांचे माणूस गेले, त्यांच्या मनातील विश्वास सांधणारा गवंडी बाजारात मिळत नाही. ते काम शेजाऱ्यानेच शेजाऱ्यासाठी करावयाचे असते आणि त्यालाही चुन्यासारखाच वेळ लागतो. राजवाड्याच्या त्या प्रचंड दरवाजातून आत जाणाऱ्या प्रत्येकाने एवढे ध्यानी घेतले, तर ही तिसरी उभारणी खऱ्या अर्थाने पुरी झाली असे म्हणता येईल.