मुठीची विद्या आणि बाईचा वेळ



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा लवकर सुटली; जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर. तेव्हा इतिहासावर बोलण्याचा आमचा अधिकार तो केवढा! पण एका प्रश्नाने आम्हांस इतिहासाकडे नेले. दिवसभर शिवणयंत्रापुढे बसणाऱ्या आमच्या एका सभासद भगिनीला डॉक्टरांनी वजन उतरवण्यास सांगितले. तिने आम्हांला विचारले, "भाऊ, व्यायाम करायचा तो कोणता, आणि केव्हा?" ती एकटी नाही. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 24 टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले.

तिच्या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला चीनमधील ताय ची या युद्धविद्येचा इतिहास उपयोगी पडला. हनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावात ही विद्या वाढली. तेथे शिकलेल्या यांग लू-छान (1799–1872) याने ती पेकिंगला नेली. समोरच्याचा जोर जोराने न अडवता वळवायचा आणि त्याचाच तोल घालवायचा, हे तिचे मर्म. ही पुरुषांची, घराण्याची मिरास होती. पावले आवळून बांधलेल्या स्त्रीने पवित्रा घ्यावा तरी कसा? 1912 साली प्रजासत्ताक सरकारने पाय बांधण्यास बंदी घातली. 1910 साली शांघायमध्ये निघालेल्या जिंगवू संस्थेने स्त्रियांनाही युद्धविद्येची दारे उघडली. यांगचा नातू यांग छंग-फू (1883–1936) याने संथ, एकसारख्या गतीचा प्रकार लोकांत रूढ केला. हा गुरू स्वतः चांगला स्थूल होता, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. लठ्ठ माणूस आळशीच, असे म्हणणाऱ्यांनी त्याची छायाचित्रे पाहावीत.

पुढे 1956 साली चीनच्या सरकारी क्रीडाखात्याने त्या लांबलचक मालिकेतून 24 हालचालींचा छोटा संच बांधून घेतला. तो पाचसहा मिनिटांत पुरा होतो. विद्या सामान्य माणसाच्या दिवसात बसावी म्हणून ती आखूड केली गेली. आम्हांला या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

स्थूल स्त्रीला ही विद्या का मानवावी? हिच्यात उड्या नाहीत, धावणे नाही. गुडघे किंचित वाकवून अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर सावकाश न्यायचा. मांड्यांना काम मिळते, तोल सुधारतो, सांध्यांना दणका बसत नाही. मात्र गुडघे दुखत असतील तर फार खाली बसू नये.

गुण किती, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हाँगकाँगमध्ये पोट सुटलेल्या, 50 वर्षे व त्यावरील 543 स्त्री-पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी एक तास, असा 12 आठवडे ताय ची केलेल्यांची कंबर, काहीच न केलेल्यांच्या तुलनेत सरासरी 1.8 सेंटिमीटरने उतरली. नेहमीचा व्यायाम केलेल्यांची 1.3 ने. हा काही चमत्कार नव्हे. पण इतर व्यायामाच्या तोडीस तोड असा हा व्यायाम आहे, एवढे खास.

"कोणता" याचे एक उत्तर असे मिळाले. "केव्हा" याचे काय? आठवड्याचे तीन तास आणायचे कोठून? 1919 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या पहिल्याच करारात उद्योगधंद्यांतील कामाचा दिवस आठ तासांचा ठरवला. पण पुरुषाचा दिवस भोंग्याबरोबर संपतो. बाईची दुसरी पाळी चुलीपाशी सुरू होते. आम्ही मागणीपत्रे लिहिली, पगारवाढ मागितली, बोनस मागितला. कामाच्या वेळातला अर्धा तास आणि एक मोकळी खोली मात्र आम्ही कधी मागितली नाही. ही चूक आमची.

त्या भगिनीला आम्ही अजून अर्धेच उत्तर देऊ शकलो आहोत. उरलेले अर्धे मालकाकडून आणायचे आहे, आणि श्रोत्यांतील बंधूंनो, थोडे तुमच्या-आमच्या घरातूनही.