६ ऑगस्ट : ल्युसिल बॉल यांचा जन्मदिन

अमेरिकी अभिनेत्री ल्युसिल बॉल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९११ रोजी न्यू यॉर्क राज्यातील जेम्सटाऊन येथे झाला. त्या तीन वर्षांच्या असताना वडील विषमज्वराने गेले. १९३३ पासून हॉलिवूडमध्ये किरकोळ भूमिका करत त्यांनी अनेक वर्षे काढली. अफाट विनोदी प्रतिभेला खरा वाव दिला तो टेलिव्हिजनने.

१५ ऑक्टोबर १९५१ रोजी सीबीएसवर 'आय लव्ह ल्युसी' ही त्यांची विनोदी मालिका सुरू झाली. पती देसी आर्नाझ यांच्यासह मालिका हॉलिवूडमध्येच, प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रित करण्याचा आग्रह त्यांनी धरला. खर्च वाढला, तेव्हा दोघांनी मानधन कमी घेतले. बदल्यात भागांची मालकी त्यांच्या 'देसिलू' कंपनीकडे राहिली. पुनर्प्रक्षेपणाचे मोल तेव्हा फारसे कुणाला उमगले नव्हते. त्यांच्या संपत्तीचा पाया याच करारात आहे. १९ जानेवारी १९५३ रोजी मालिकेतील ल्युसीला मुलगा झाला, त्याच दिवशी ल्युसिल यांनाही!

१९५७ मध्ये देसिलूने आरकेओ या चित्रपट कंपनीचे स्टुडिओ विकत घेतले. १९६० मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. १९६२ मध्ये देसी यांचा हिस्सा घेऊन ल्युसिल कंपनीच्या प्रमुख झाल्या. मोठा स्टुडिओ चालवणे ही त्या काळी स्त्रीसाठी असामान्यच गोष्ट. 'स्टार ट्रेक' आणि 'मिशन : इम्पॉसिबल' या मालिका त्यांच्याच कारकिर्दीतल्या. १९६७ मध्ये त्यांनी देसिलू सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरला विकली. २६ एप्रिल १९८९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले.