बैठे जीवन आणि निरनिराळ्या वयांत त्याचे परिणाम

जागेपणी बसून, रेलून किंवा आडवे पडून घालवलेला वेळ म्हणजे बैठा वेळ. झोप यात धरत नाहीत. व्यायाम न करणे आणि फार वेळ बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सकाळी अर्धा तास फिरून येणारा माणूस उरलेला सारा दिवस खुर्चीत काढत असेल, तर तोही बैठाच.

आपली बिर्लानगरची वस्ती जियाजीराव कॉटन मिलच्या आधाराने वाढली. १९२१ साली सुरू झालेल्या या मिलमध्ये बहुतेकांची पाळी उभ्यानेच जायची. १९९० नंतरच्या दशकात मिल बंद पडली. पुढच्या पिढ्या बँका, कार्यालये, दुकाने आणि आता संगणकाच्या कामात गेल्या. कष्ट कमी झाले हे चांगलेच, पण ताटातले अन्न त्या मानाने कमी झाले नाही.

याबाबतचा एक जुना अभ्यास गिरणी कामगारांवरच झालेला आहे. १९५६ साली पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीत शास्त्रज्ञ जाँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामगारांचा आहार आणि वजन तपासले. मेहनतीची कामे करणाऱ्यांचा आहार कामाच्या प्रमाणात होता. अगदी बैठे काम करणाऱ्यांचा आहार मात्र कमी नव्हता आणि वजन जास्त होते. हालचाल फार कमी झाली म्हणून भूक आपोआप कमी होत नाही, हा त्याचा अर्थ. त्याआधी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला. बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला.

याचे कारण साधे आहे. मांड्या आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू हलले की रक्तातील साखर वापरली जाते. तासन्‌तास बसल्यावर ते काम मंदावते, पायांतील रक्तप्रवाहही मंद होतो. पुढे वजन, मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो.

लहान मुले: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात ३ तास हालचाल करावी. २ वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये, पुढे ४ वर्षांपर्यंत तासाभराहून जास्त नको. मोबाइल दाखवून घास भरवणे आजी-आजोबांनीही टाळावे.

शाळकरी मुले: ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारा खेळ हवा. शाळा, शिकवणी आणि मोबाइल यांत दिवस संपला तर वजन वाढते, झोप बिघडते.

नोकरदार आणि गृहिणी: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे भरभर चालणे किंवा तेवढ्याच श्रमाचा व्यायाम हवा. २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ एवढी हालचाल करत नव्हते, आणि स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होते. घरकाम करणाऱ्या बाईला वेगळ्या चालण्याची गरज नाही, असे घरात कोणी धरून चालू नये.

साठीपुढील मंडळी: निवृत्तीनंतर कार्यालयात जाण्या-येण्याची हालचालही थांबते. स्नायू क्षीण होतात, तोल जातो, पडून हाड मोडण्याची भीती वाढते. चालण्याबरोबरच आठवड्यातून ३ दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम करावेत: खुर्चीतून हात न टेकता उठणे, कठड्याला धरून टाचा उचलणे. हृदयविकार, चक्कर किंवा गुडघेदुखी असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

रोज काय करावे? अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन-चार मिनिटे फिरावे. फोनवर उभ्याने बोलावे. दोन्ही जेवणांनंतर शतपावली करावी. जेवणानंतरच्या चालण्याने साखर कमी चढते. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा पहाटे किंवा घरातल्या घरात चालावे. दिवसाचे आठ तास बसणे टळतच नसेल, तर रोज तासभर भरभर चालल्याने त्याचा बराच अपाय भरून निघतो, असे मोठ्या अभ्यासांत दिसले आहे.

मंडळाच्या लांबलेल्या सभेत किंवा कार्यक्रमात कोणी मध्येच उठून मागे उभे राहिले, तर आपण ते वावगे मानू नये. शक्य असेल त्यांनी स्वतःही उठावे.