वल्हांडणाची वारी



वारी म्हणजे काय, हे तुम्हां-आम्हांला सांगायला नको. आषाढ आला की पावले आपोआप पंढरीची वाट धरतात. म्हातारी माणसे निघतात, कडेवरची पोरे निघतात, गावची दिंडी निघते. आज मी तुम्हाला दुसऱ्याच एका वारीची हकीकत सांगणार आहे. ती इथून फार दूरच्या मुलखातली आहे, पण तिचा एक धागा आपल्या कोकणात येऊन पोचला आहे. ही वारी यहुदी लोकांची. गाव यरुशलेम, आणि सण वल्हांडण.

वल्हांडण हा शब्द अस्सल मराठी आहे. वल्हांडणे म्हणजे ओलांडणे. कथा अशी की, इस्राएल लोक मिसर देशात फारो राजाचे गुलाम होते. विटा पाडायच्या, ओझी वाहायची, मार खायचा. मोशे नावाचा पुढारी उभा राहिला. राजा ऐकेना, तेव्हा देशावर एकामागून एक दहा पीडा आल्या. शेवटच्या रात्री मिसरी घरांतले थोरले मुलगे दगावले. पण ज्या दारांच्या चौकटींना कोकराचे रक्त लावले होते, ती घरे मृत्यूने ओलांडली. त्याच रात्री हे लोक देश सोडून निघाले. निघण्याची इतकी घाई की मळलेली कणीक आंबायलाही वेळ नव्हता. म्हणून या सणात खमीर घातलेली भाकर खायची नाही, बेखमीर खायची. हा सण इस्राएलमध्ये सात दिवस आणि बाहेरच्या देशांत आठ दिवस पाळतात. तो वसंत ऋतूतल्या पौर्णिमेला सुरू होतो. बहुधा ती आपली चैत्री पौर्णिमाच असते.

जुन्या काळी या लोकांना वर्षातून तीन सणांना यरुशलेमच्या मंदिरात जाण्याची आज्ञा होती. त्यांत वल्हांडणाची गर्दी मोठी. आज्ञा पुरुषांना असली तरी घरचे घर निघत असे. ख्रिस्ती लोकांच्या शुभवर्तमानात अशाच एका कुटुंबाची गोष्ट आहे. नासरेथ गावचे आईबाप दर वर्षी वल्हांडणाला जात. मुलगा बारा वर्षांचा झाला, त्या वर्षीही गेले. सण आटोपून सगळे परत निघाले. आईबापांना वाटले, पोर दिंडीत असेल कुणाबरोबर तरी. दिवसभराची वाट चालून झाल्यावर सोयऱ्याधायऱ्यांत शोधतात तो मुलगा नाही! उलट पावली परतले. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला. गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. तो मुलगा म्हणजे येशू. धर्माची बाजू क्षणभर बाजूला ठेवली तरी इतिहासाच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची आहे. लोक सोबतीने चालत, नातेवाईक एकत्र असत, आणि मुलगा दिसला नाही तरी आईबाप दिवसभर निर्धास्त राहत. इतका त्या सोबतीवर भरवसा होता.

वाट मात्र सोपी नव्हती. उत्तरेकडून येणारे पुष्कळ लोक यार्देन नदीच्या खोऱ्याने यरीहोपर्यंत येत. यरीहो हे गाव समुद्रसपाटीच्या सुमारे २५० मीटर खाली आहे, आणि यरुशलेम सुमारे ७५० मीटर उंचावर. म्हणजे पंचवीसेक किलोमीटरांत हजार मीटरांचा चढ. एखादा घाट पायी चढून आलेल्याला त्याची कल्पना येईल. म्हणूनच त्यांच्या भाषेत यरुशलेमला 'जातात' असे म्हणत नाहीत, 'चढतात' असे म्हणतात. पुढे त्या देशात वस्तीला जाण्यालाही 'चढणे' हाच शब्द रूढ झाला.

शहरात पोचल्यावर आधी स्नान. २००४ साली यरुशलेमच्या दक्षिण बाजूला सांडपाण्याच्या नळाचे काम चालू असताना दगडी पायऱ्या लागल्या. तो शिलोहाचा प्राचीन तलाव निघाला. तिथून मंदिराच्या टेकडीकडे चढत जाणारा फरसबंदी रस्ताही उकरून काढला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे यात्रेकरू त्या दगडांवरून चालले.

मग कोकराचा बळी. एका कोकराला निदान दहा माणसे तरी असत, असे योसेफस हा त्या काळचा इतिहासकार लिहितो. एका वर्षी रोमन अधिकाऱ्याने कोकरे मोजवली, ती अडीच लाखांच्या वर भरली, असेही तो सांगतो. हा आकडा आजचे अभ्यासक जसाच्या तसा मानत नाहीत. पण एवढे खरे की शहर फुटेपर्यंत भरत असे. मांस शहराच्या हद्दीतच खायचे आणि सकाळपर्यंत काही उरवायचे नाही, असा दंडक होता. त्यामुळे एकटे कुटुंब कोकरू संपवू शकत नसे. शेजारी, सोयरे, परगावचे लोक एका पंगतीला बसत.

आणि मग इ. स. ७० हे वर्ष आले. यहुदी लोकांनी रोमन सत्तेविरुद्ध बंड केले होते. टायटस या सेनापतीने यरुशलेमला वेढा घातला तो नेमका वल्हांडणाच्या सुमारास. सणाला आलेले यात्रेकरू आत कोंडले गेले. उपासमार झाली, रोगराई झाली. त्या उन्हाळ्यात मंदिर जळाले.

आता, गुरुजनहो, माझा खरा प्रश्न इथे आहे. ज्या वारीचे देऊळच उरले नाही, त्या वारीचे काय होते? दोनचार पिढ्यांत ती विसरली जायला हवी होती. तशी ती विसरली गेली नाही. का नाही?

त्याचे उत्तर असे की, तिथल्या जाणत्या लोकांनी वारी मंदिरातून उचलून घराच्या पाटापाण्यावर आणली. सुमारे इ. स. २०० साली संकलित झालेल्या त्यांच्या मिश्ना या ग्रंथात त्या रात्रीच्या जेवणाचा क्रम घालून दिलेला आहे. ताटात बेखमीर भाकर असते, गुलामीचा कडूपणा आठवावा म्हणून कडू भाजी असते, विटांच्या चिखलाची खूण म्हणून खजूर किंवा फळे आणि सुकामेवा यांचे गोड वाटण असते, आसवांची खूण म्हणून मिठाचे पाणी असते. द्राक्षरसाचे चार प्याले होतात. पण या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे प्रश्न. घरातले सर्वांत धाकटे पोर उठून विचारते की आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? आणि वडील माणसे उत्तर म्हणून सगळा इतिहास सांगतात. ज्या मुलाला विचारताच येत नाही, त्याला आपण होऊन सांगायचे, अशीही रीत आहे. भाकरीचा एक तुकडा लपवून ठेवतात. तो शोधण्याच्या नादात पोरे जागी राहतात. शेवटी सगळे मिळून इच्छा बोलतात की पुढच्या वर्षी यरुशलेमात असावे. अशी ही इच्छा शतकानुशतके, पोलंडच्या बर्फात आणि येमेनच्या वाळवंटात बोलली गेली.

ती कोकणातही बोलली गेली. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांचा वंश म्हणजे बेने इस्राएल, अशी त्या समाजाची परंपरा आहे. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. रोहेकर, पेणकर, केहिमकर अशी त्यांची आडनावे. त्यांच्याजवळ ग्रंथ उरले नव्हते, तरी सण उरले होते आणि सणांना मराठी नावे पडली होती. वल्हांडणाला ते 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत. म्हणजे आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण. आंबवलेले नको, एवढी खूण घरातल्या बायकांनी सांभाळली. पुढे १८४६ साली मुंबईत वल्हांडणाच्या रात्रीचे पुस्तक मराठी भाषांतरासह छापले गेले. १८७४ साली पुण्यात दुसरे निघाले. त्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करीत आहेत. म्हणजे मिसर देशातून सुटल्याची हकीकत पुण्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले, आणि बेने इस्राएल लोक हळूहळू तिकडे जाऊ लागले. इथे त्यांना कोणी छळले नव्हते, हे त्यांनी स्वतःच वारंवार सांगितले आहे. गेले ते त्या जुन्या इच्छेपायी, आणि पोटापाण्यासाठीही. दिमोना, अश्दोद, लोद, रामला अशा गावांत त्यांची वस्ती झाली. पण ज्या घरी जायचे म्हणून गेले, त्या घराने प्रथम दारात उभे करून विचारले की तुम्ही खरोखर आमचेच का? १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहांच्या बाबतीत पिढ्यांची चौकशी करण्याचा आदेश काढला. कोकणातून आलेल्या या लोकांनी यरुशलेमात धरणे धरले. १९६४ साली तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदीच आहेत असे जाहीर केले, आणि आदेशातून त्यांचे नाव काढावे लागले. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तिकडे चालविले.

समजा, आज तुम्ही एखाद्या कुटुंबासह वल्हांडणाच्या दिवसांत तिकडे गेलात, तर काय दिसेल? सणाच्या आधी घरोघर झाडलोट चाललेली असते. पावाचा कण राहू नये म्हणून कपाटे, खिसे, मुलांची दप्तरे झाडतात. बेखमीर भाकरीच्या पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत ती भाजून व्हावी लागते. युरोपातून आलेली बरीच घरे या दिवसांत भातसुद्धा खात नाहीत; आपली बेने इस्राएल मंडळी मात्र भात सोडीत नाहीत. कोकणच्या माणसाला भाताशिवाय आठवडा कसा काढवेल? मधल्या दिवसांत शाळांना सुट्टी असते. कुटुंबेच्या कुटुंबे गालीलच्या डोंगरात, नदीकाठी, यरुशलेमच्या पश्चिम भिंतीपाशी जातात. ही भिंत जुन्या मंदिराच्या आवाराची. १९४८ ते १९६७ या काळात जुने शहर जॉर्डनच्या ताब्यात होते, आणि यहुदी लोकांना भिंतीपाशी जाता येत नव्हते. नाब्लूसजवळच्या गरिज्जीम डोंगरावर शोमरोनी नावाचा लहानसा समाज अजूनही वल्हांडणाला कोकराचा बळी देतो. २०२२ साली तर वल्हांडणाची रात्र, ख्रिस्ती लोकांचा उत्तम शुक्रवार आणि मुसलमानांचा रमजान एकाच दिवशी जुळून आले, आणि एकाच लहानशा शहरात तिन्ही धर्मांचे लोक आपापल्या वाटेने चालले.

पण ही हकीकत इथेच गोड करून संपवली तर ते खरे बोलणे होणार नाही. ज्या १९४८ सालाने एका समाजाची इच्छा पुरी केली, त्याच सालच्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरबांची घरे सुटली. त्यांच्या घरांतूनही जुन्या किल्ल्या जपून ठेवल्या आहेत आणि पोरांना गावांची नावे शिकवली जातात. २०२३ च्या ऑक्टोबरात हमासच्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो बायकामुले मेली. २०२४ च्या वल्हांडणाला कित्येक इस्राएली घरांनी ओलिसांसाठी एक खुर्ची रिकामी ठेवली होती. गुलामीतून सुटल्याचा सण साजरा करताना शेजाऱ्याच्या सुटकेचे काय, हा प्रश्न त्या पंगतीतली काही माणसे स्वतःलाच विचारतात. तो विचारण्याची सवय त्यांना त्या सणानेच लावली आहे.

वल्हांडणाच्या रात्री त्यांच्यात एलिया संदेष्ट्यासाठी दार उघडून ठेवतात. आपल्या बेने इस्राएल लोकांची श्रद्धा अशी की, अलिबागेजवळ खंडाळे गावी खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली आहे. कधी त्या बाजूला गेलात तर पाहून या.

आणि गुरुजनहो, एवढे करून पाहा. गावच्या जत्रेच्या, पोळ्याच्या, दसऱ्याच्या आदल्या दिवशी वर्गातल्या सर्वांत धाकट्या मुलाला सांगा की घरी जाऊन आजीला विचार, आपण हे का करतो? आजी काय सांगते ते दुसऱ्या दिवशी ऐका. आणि ज्या मुलाला विचारता येणार नाही, त्याला तुम्ही आपण होऊन सांगा.