दंतमुकुटाची कड आणि अचूकतेची मोजपट्टी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
किडीने अथवा आघाताने क्षीण झालेल्या दातावर बसविल्या जाणाऱ्या आवरणास दंतमुकुट म्हणतात. व्यवहारात 'कॅप' हा शब्द रूढ आहे. मुकुटाचे आयुष्य त्याच्या चकाकीपेक्षा कडेवर अधिक अवलंबून असते. कड व दात यांमधील फटीत सिमेंट उघडे पडते, लाळेने झिजते. तेथे जिवाणूंचा थर साचून झाकलेल्या दातास पुन्हा कीड लागते, हिरडी सुजते. ही फट कमी करण्याच्या प्रयत्नांचा येथे आढावा घेतला आहे.

साहित्य आणि आकुंचन :
चार्ल्स लँड या डेट्रॉइटच्या दंतवैद्याने 1889 मध्ये प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर पोर्सेलिन भाजण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळविले. 1907 मध्ये शिकागोच्या विल्यम टॅगर्ट यांनी मेणाच्या नमुन्यावरून सोने ओतण्याची पद्धत न्यूयॉर्क येथे दंतवैद्यांसमोर मांडली. मूर्तिकारांस ही पद्धत प्राचीन काळापासून ज्ञात होती. तथापि मूर्तीत जो फरक नजरेआड होतो, तो दाताच्या कडेवर होत नाही. वितळलेले सोने घट्ट होऊन थंडावताना सुमारे दीड टक्का आकसते. साच्याच्या मिश्रणाचे तेवढेच प्रसरण घडवून ही उणीव भरून काढावी लागली. पोर्सेलिनही भट्टीत आकसते. 1985 मध्ये झुरिच येथे व्हेर्नर म्योरमान व मार्को ब्रँडेस्टिनी यांच्या सेरेक यंत्राने संगणकाच्या साहाय्याने सिरॅमिकचे भरण कोरले गेले. ओतकामातील आकुंचन टळले. परंतु अचूकतेचा भार कॅमेरा व कोरणाऱ्या चाकावर आला आणि आरंभीच्या फटी ओतीव सोन्यापेक्षा मोठ्या राहिल्या. पुढे आलेले झिर्कोनिया भट्टीत सुमारे 20 टक्के आकसते, म्हणून ते आधी मोठ्या आकारात कोरावे लागते.

मोजपट्टीचा प्रश्न :
किती फट चालेल, या प्रश्नास बहुमान्य झालेले उत्तर 1971 मध्ये मिळाले. मॅक्लीन व फॉन फ्राउनहोफर यांनी पाच वर्षांत हजारांहून अधिक मुकुट व भरणे तपासून 120 मायक्रोमीटर ही स्वीकारार्ह कमाल मर्यादा मांडली. ही मर्यादा म्हणजे आदर्श नव्हे. झिंक फॉस्फेट सिमेंटच्या थरासाठी अमेरिकी मानकात 25 मायक्रोमीटरची मर्यादा होती. 'फट' कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत मोजावी, याच्या नेमक्या व्याख्या होम्स व सहकाऱ्यांनी 1989 मध्ये दिल्या. मुकुट दातावर नीट टेकला तरी त्याची कड आखूड वा बाहेर आलेली असू शकते, हे त्यांतून स्पष्ट झाले.

निष्कर्ष :
प्रत्येक नव्या साहित्याने जुनी अडचण सोडविली, पण आकुंचनाचा वा यंत्राच्या मर्यादेचा प्रश्न नव्या रूपात उभा केला. त्यामुळे 'नवा मुकुट अधिक अचूक' हे गृहीतक इतिहासास मान्य नाही. व्याख्या, मोजणीचे बिंदू आणि सिमेंट लावण्यापूर्वीची की नंतरची अवस्था समान नसेल, तर दोन प्रकारच्या मुकुटांची तुलना केवळ आकड्यांची तुलना ठरते. त्या तुलनेवर विसंबून केलेल्या निवडीचे परिणाम मात्र मुकुटाखालच्या दातास भोगावे लागतात.