वेळवंडीचे पाणी आणि जळोचीचे शिवार

पर्वतयात्रेचा विचार निघाला म्हणजे महाराष्ट्रीय मनाची धाव प्रथम हिमालयाकडे जाते. बारामतीचे कविवर्य मोरोपंत गंगेच्या दर्शनासाठी काशीस गेले. काशीच्या घाटांना लागणाऱ्या त्या प्रवाहाची मूळ धारा दूर उत्तरेस गोमुखापाशी, सुमारे ४००० मीटर उंचीवर प्रकट होते. तेथे सुमारे ३० किलोमीटर लांबीची गंगोत्रीची हिमनदी संपते आणि भागीरथी वाहू लागते. हिमनदी ही निसर्गाने घातलेली पाण्याची पेढीच होय. बर्फाची ठेव साठवावी आणि ऐन उन्हाळ्यात, खालचे मैदान तहानलेले असता, ती थोडी थोडी परत करावी, असा तिचा व्यवहार असतो.

सह्याद्रीस ही पेढी लाभलेली नाही. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर जे कळसूबाई, तेही अवघे १६४६ मीटर. तेथे बर्फ टिकावयाचे कोठून? महाबळेश्वरास वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर बारामतीच्या वाट्यास येतो तो सुमारे ५०० मिलिमीटर. बारामतीच्या वेशीवरील जळोची काय किंवा पूर्वेकडील इंदापूर काय, हा सारा मुलूख पर्जन्यछायेतला. घाटमाथ्यावर पूर लोटावेत आणि पठारावर विहिरी आटाव्यात, हेच त्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे भागधेय होते.

१८७५ च्या मे महिन्यात बारामतीजवळील सुपे येथे कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. पुढे वर्ष-दीड वर्षातच, १८७६ पासून १८७८ पर्यंत, दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. डोंगरातले पाणी डोंगरातच साठवून पठारावर आणण्याच्या विचारास या आपत्तीने निकड आणली. १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि १८९० च्या सुमारास भोरनजीक भाटघर येथे वेळवंडी नदी अडविण्यात आली. या जलाशयास व्हायटिंग नावाच्या इंजिनिअराचे नाव मिळाले. ते साठवणही अपुरे पडू लागले, तेव्हा जवळच अधिक उंच असे नवे धरण बांधून १९२८ मध्ये पुरे झाले. त्यास मुंबईचे माजी गव्हर्नर लॉइड यांचे नाव देण्यात आले. सुमारे २३ अब्ज घनफूट पाणी साठविणारा हा जलाशय आज येसाजी कंकांच्या नावाने ओळखला जातो, आणि ते उचितच आहे. कारण शिवछत्रपतींच्या या शूर सरदाराचे भुतोंडे गाव याच खोऱ्यातले.

हौशी प्रवासी आज भोरहून जलाशयाच्या काठाकाठाने भुतोंड्यास येतात आणि तेथून आळू दरवाजाच्या वाटेने राजगड चढतात. गडाच्या माचीवरून खाली पसरलेले निळे पाणी पाहून त्यांचे डोळे निवतात. परंतु हे सरोवर निसर्गाने दिलेले नव्हे. भाटघरातून सोडलेले पाणी नीरेच्या पात्रातून वीर येथे येते, आणि तेथून कालव्याने सुमारे १५० किलोमीटरचा प्रवास करीत बारामती-इंदापूरच्या शिवारांत पोचते. याच पाण्यावर तेथे ऊस उभा राहिला आणि १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना निघाला.

या समृद्धीची किंमत मात्र वरच्या खोऱ्याने मोजली. उन्हाळ्यात जलाशयाची पातळी उतरली म्हणजे कांबरे गावचे कांबरेश्वराचे प्राचीन देऊळ पाण्याबाहेर येते. एरवी ते जलसमाधीतच असते. त्याच्या भोवती ज्यांची भातखाचरे होती, त्या मावळ्यांच्या वाट्यास कालव्याचा ऊस आला नाही.

आणि जे पाणी मिळाले, तेही सर्वांस सारखे मिळावे कसे, हा प्रश्न कालव्याबरोबरच जन्मास आला. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी नीरेच्या कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धती सुरू केली. पाणी मूठभर गावांतील उसातच जिरू नये, ठराविक तुकड्यांत पिकांची पाळी बांधून ते अनेक गावांस पुरावे, हा तिचा हेतू होता. हेतू स्तुत्य होता, तथापि तंटा मिटला नाही. २०१९ मध्येही नीरेच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांच्या वाटपावरून वाद पेटला होता.

इकडे निसर्गाची पेढीही आता अक्षय राहिलेली नाही. ऑडेन या भूगर्भशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये गोमुखाचा नकाशा काढला. तेव्हापासून गंगोत्रीची हिमनदी एक किलोमीटरहून अधिक मागे हटली आहे. सह्याद्रीतील पेढी तर दर पावसाळ्यात नव्याने भरावी लागते, आणि एखादे वर्ष ती भरतही नाही. म्हणून भाटघरच्या काठी उभे राहणाऱ्याने गडाकडे पाहावे, तसेच पूर्वेकडेही पाहावे. त्या दिशेस जळोचीसारखी गावे आपली पाळी केव्हा येते याची वाट पाहत असतात.